दुधाची किटली : डायलिसिसवरच्या एका माणसाच्या चालण्याचं प्रकरण

‘मॅडम, ३३ वर्षं उभ्यानं काढली. आता तरी बसू द्या की.’

काकांनी पहिल्याच भेटीत मला हे ऐकवलं, तेही डोळे न उघडता. मशीनवर चढून त्यांना तासभर झाला होता. डाव्या हातात दोन सुया, अंगावर घरून आणलेली वाकळ, उशाला कापडी पिशवी. एसटीत कंडक्टर म्हणून ३३ वर्षं काढलेला माणूस. हलत्या गाडीत सीटच्या दांड्याला कंबर टेकवून तिकिटं फाडायची, गर्दीतून मागपर्यंत जायचं, परत पुढं यायचं. आता वय ६१ आणि स्टँडपासून युनिटपर्यंतचं चारशे पावलांचं अंतर रिक्षानं.

नाव, गाव सांगत नाही. सातारा जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव, तिथलं सहा मशीनचं डायलिसिस युनिट आणि तिथून २२ किलोमीटरवरची काकांची वाडी, एवढं पुरे. लिहिण्याआधी त्यांना विचारलं होतं. ‘लिहा, पण कंडक्टर होतो ते लिहा,’ एवढीच अट घातली.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. युनिटच्या पटावर माझं नाव नाही. सोमवारी आणि शुक्रवारी सकाळी जाते, ज्यांना हवं त्यांच्याकडून हातपाय हलवून घेते. बहुतेक ठिकाणी एवढंही नसतं. मशीन, टेक्निशियन, सिस्टर, महिन्यातून एक-दोनदा येणारे किडनीचे डॉक्टर, यात व्यायाम हा विषय कुणाच्याच वाट्याचा नसतो.

काकांना १८ वर्षांचा मधुमेह. निवृत्त झाले आणि वर्षभरात मूत्रपिंडं कामातून गेली. मी भेटले तेव्हा डायलिसिस सुरू होऊन १४ महिने झाले होते. सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर वेळी चार तास. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून डायलिसिसचे पैसे पडत नाहीत. येण्याजाण्याचे, बाहेरून आणायच्या औषधांचे आणि बुडालेल्या दिवसांचे पडतात. काकू सोबत असायच्या. २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यावर काकांचं म्हणणं असं की, ‘आमची ड्यूटी संपल्यावर सवलती निघाल्या.’

त्या पहिल्या महिन्यात एक साधी मोजणी केली. डायलिसिस सुरू होण्याआधी, हात न टेकता, खुर्चीतून एका मिनिटात किती वेळा उठता-बसता येतं ते पाहायचं. काकांचं झालं ९ वेळा. नवव्या वेळी खुर्चीत बसले ते अक्षरशः पडल्यासारखे.

‘थकवा येतो’ हे उत्तर मला तोंडपाठ होतं. डायलिसिसवरच्या कुणालाही विचारा, हेच ऐकायला मिळतं. अमेरिकेत १०० रुग्णांना हेच विचारून २०१२ साली एक अभ्यास छापला गेला. बसून राहणं वाईट आणि हालचाल चांगली हे जवळजवळ सगळ्यांनाच पटलेलं होतं. तरी ९२ टक्के लोकांनी काही ना काही अडचण सांगितली. ‘डायलिसिसच्या दिवशी गळून जायला होतं’ असं ६७ टक्क्यांनी आणि ‘मधल्या दिवशीही होतं’ असं ४० टक्क्यांनी सांगितलं. मला त्यातली एक वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. डायलिसिसनंतर थकवा येतो असं सांगणारे लोक इतरांपेक्षा कमी हिंडत-फिरत होते असं काही आढळलं नाही. कमी हिंडत होते ते ‘इच्छाच होत नाही’, ‘एवढी दुखणी आहेत, त्यात हे कुठं’ आणि ‘डायलिसिसच्या दिवशी वेळच उरत नाही’ असं म्हणणारे.

म्हणजे थकवा खरा असतो, पण पाय धरून ठेवणारं दुसरंच काही असतं. काकांच्या बाबतीत ते काय होतं हे कळायला मला दोन महिने लागले, आणि त्यातला बराचसा वेळ मी चुका करण्यात घालवला.

पहिली चूक कागदाची. सात व्यायामांची चित्रं असलेला कागद मी सगळ्यांना देते, खाली तारखांचे रकाने. काकांनी तो नीट घडी घालून पिशवीत ठेवला. तीन आठवड्यांनी बाहेर काढला तेव्हा घडी होती तशीच होती. ‘लहान पोरांचं दिसतंय,’ म्हणाले.

दुसरी चूक सायकलची. पलंगाच्या पायथ्याशी ठेवायची छोटी पेडल सायकल मी हट्टानं मागवून घेतली होती. डायलिसिस चालू असताना पाय मारायचे, ही पद्धत परदेशात जुनी आहे. माणूस तसाही चार तास अडकलेला असतो, वेगळा वेळ काढावा लागत नाही. पण ते करायचं पहिल्या दोन तासांत, कारण पुढं अंगातलं पाणी निघत जातं तसा रक्तदाब खाली येतो. मला हे ठाऊक होतं. त्या शुक्रवारी मला पोचायला उशीर झाला, तिसरा तास चालू होता, काका कधी नव्हे ते ‘बघू तरी’ म्हणाले, आणि मला मोह आवरला नाही. सहाव्या मिनिटाला पोटऱ्यांत गोळे आले. बीपी वरचं ९० वर. टेक्निशियननं पाय वर केले, पाणी काढणं थांबवलं, सलाईन सोडलं. इन्चार्ज सिस्टर मला काही बोलल्या नाहीत. सायकल उचलून स्टोअरमध्ये ठेवली, एवढंच.

त्यांचंही बरोबर होतं. सहा मशीनना दोन माणसं. सुई हलली, नळी दुमडली, मशीन ओरडायला लागलं की धावायचं त्यांनी. व्यायाम म्हणजे त्यांच्या लेखी आणखी एक अलार्म. कर्मचाऱ्यांना व्यायामाचं महत्त्व कळत नाही असं आम्ही लोक मारे लिहितो, पण ‘काही झालं तर कोण?’ याचं उत्तर त्यांना कुणीच देत नाही.

त्या प्रसंगानंतर मी महिनाभर काकांना काहीच करायला सांगितलं नाही. नुसती स्टूल घेऊन बसायची. त्यातून एकेक गोष्ट बाहेर आली.

सगळ्यात आधी निघाला तो स्वयंपाकघरातला कागद. डायलिसिस सुरू होण्याआधी, मूत्रपिंडं अजून थोडी चालत होती तेव्हा, कुठल्याशा दवाखान्यातून पथ्याचा कागद मिळाला होता. डाळ कमी, अंडी बंद, दूध कपभर. काकूंनी तो प्लास्टिकमध्ये घालून फडताळाच्या दारावर चिकटवला. डायलिसिस सुरू झाल्यावर हे उलटं होतं. शरीराच्या किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, कारण दर खेपेला काही प्रमाणात ती मशीनमधूनही निघून जातात. काकांचं कोरडं वजन, म्हणजे अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन, ५६ किलो. काकू १४ महिने इमानेइतबारे जुना कागद पाळत होत्या, अर्धी वाटी वरण आणि भाकरी. माणूस पथ्य पाळून वाळत होता. नवा कागद आला, रोज दोन अंड्यांचा पांढरा बलक सुरू झाला. पिवळा नाही, त्यात फॉस्फरस, तो अंगात साचतो. जुना कागद फाडायला मात्र काकू तयार नव्हत्या. डॉक्टरांनी दिलेला कागद फाडायचा कसा?

मग हिमोग्लोबिन. ते होतं ८.२. डॉक्टरांनी रक्तवाढीच्या इंजेक्शनची मात्रा वाढवली, शिरेतून लोह दिलं, दोन महिन्यांत १०.१ झालं. यात माझा वाटा शून्य. पण ते ८ च्या घरात असताना मी या माणसाला ‘आळस सोडा’ या अर्थाचं काहीतरी गोड शब्दांत सांगत होते, हे आठवलं की अजून कानकोंडं व्हायला होतं.

मग हात. डाव्या मनगटाजवळ फिस्टुला. शस्त्रक्रियेनं धमनी शिरेला जोडलेली असते, त्यावर बोटं ठेवली की मांजर गुरगुरल्यासारखी थरथर लागते. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी ही युक्ती छापली, आज जगभरातलं बरंचसं डायलिसिस तिच्यावर चालतं. फिस्टुला केल्यावर सांगतात, या हातावर बीपी घेऊ देऊ नका, घड्याळ बांधू नका, या कुशीवर झोपू नका, जड उचलू नका. काकांच्या डोक्यात त्याचं झालं, हात वापरूच नका. १४ महिने तो हात त्यांनी पोटाशी धरून ठेवला होता. दोन्ही दंडांवर टेप लावली तर डावा स्पष्ट बारीक. खरं म्हणजे फिस्टुला भरावा म्हणून सुरुवातीला चेंडू दाबायचा व्यायाम आम्हीच देतो. पण ‘जपा’ हा शब्द रुग्णाला जितका ऐकू येतो तितका ‘वापरा’ हा येत नाही. जपा सगळेच म्हणतात. वापरा म्हणायला कुणीतरी जबाबदारी घ्यावी लागते.

तहान हे कारण मला पुस्तकात ठळक कुठं भेटलं नव्हतं. काकांची लघवी जवळजवळ बंद झाली होती. दिवसाला एक लिटर द्रव, त्यात चहा, आमटी, गोळ्यांबरोबरचं पाणी सगळं आलं. काकू लिटरच्या बाटलीत सकाळी पाणी मोजून ठेवायच्या. त्या बाटलीवर सगळ्या घराचा डोळा. अशा माणसाला आपण सांगतो, चाला, घाम येऊ दे. तो चालतो, घसा कोरडा पडतो, आणि घरी परत आल्यावर बाटलीत तीन बोटं पाणी उरलेलं असतं आणि रात्र पडायची असते. ‘चालायला भीती न्हाई वाटत, मॅडम. चालून आल्यावर तांब्या दिसतो, त्याची वाटते.’ हे वाक्य ऐकल्यावर मी चालण्याची वेळच बदलली. ऊन उतरल्यावर, जेवणाच्या थोडं आधी. आल्यावर चूळ भरायची, गिळायची नाही. फ्रीजमध्ये बर्फाचे लहान खडे करून ठेवायचे आणि तेही बाटलीच्या हिशेबात धरायचे. आमटीतलं मीठ कमी करणं हा तहानेवरचा खरा इलाज, पण त्याला काकूंपेक्षा काकांचाच विरोध होता.

आणि शेवटी फाटा. वाडी मुख्य रस्त्यापासून आत आहे. एसटी फाट्यावर सोडते, तिथून घर साधारण एक किलोमीटर. डायलिसिसहून येताना पुतण्या मोटारसायकल घेऊन उभा असायचा, ते ठीकच होतं. पण मधल्या दिवशी संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन यायचं असं आम्ही ठरवलं, तर काका चार दिवसांत थांबले. कारण विचारलं तर आधी सांगेनात. मग म्हणाले, ‘लोक जाऊ देत न्हाईत.’

म्हणजे खरोखरच जाऊ देत नव्हते. घरातून निघाले की ओट्यावरून हाक, ‘आजारी माणूस कुठं निघाला उन्हाचा?’ शंभर पावलांवर कुणीतरी गाडी थांबवणार, ‘बसा मागं, सोडतो.’ नाही म्हटलं तर त्याला वाईट वाटणार. बसलं तर चालणं संपलं. चहाच्या टपरीपाशी पोचावं तर खुर्ची पुढं. चहा नको म्हटलं की, ‘अर्धा तरी घ्या.’ बाटलीतला अर्धा कप गेला. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, ‘कसं काय आता तब्येत?’ एक किलोमीटरमध्ये तब्येत अकरा वेळा सांगायची. गावात कामाशिवाय चालणारा माणूस नसतोच. शहरात ट्रॅकसूट घातला की लोक वाट देतात. वाडीवर ६१ वर्षांचा माणूस रिकाम्या हातानं चालला तर एकतर तो कुणाला शोधतोय, नाहीतर त्याचं काहीतरी बिनसलंय.

यावर माझ्याकडे उपाय नव्हता. उपाय काकूंनी काढला, आणि तोही माझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या सोयीसाठी. श्रावणात म्हैस व्यायली. संध्याकाळचं दूध डेअरीवर घालायला काकूंना जावं लागायचं. संकलन केंद्र फाट्याच्या अलीकडं, घरापासून ७०० मीटर. एके दिवशी काकूंच्या पायाला काहीतरी लागलं आणि किटली काकांच्या उजव्या हातात आली. तीन लिटर दूध. त्या दिवशी त्यांना कुणीही थांबवलं नाही. एकानं गाडी हळू केली, किटली बघितली आणि ‘दूध का?’ म्हणून पुढं निघून गेला. किटलीवाला माणूस आजारी नसतो, तो कामावर असतो.

पुढच्या शुक्रवारी काकांनी ही गोष्ट मला दोनदा सांगितली.

त्यानंतरची बांधणी आम्ही दोघांनी मिळून केली. मी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारला होता, काय जमत नाही याचं सगळ्यात वाईट वाटतं? तेव्हा त्यांनी विषय बदलला होता. आता सांगितलं. घरात भारतीय पद्धतीचा संडास आहे. उठताना काकूंना हाक मारावी लागते. बाकी सगळं चालेल, हे नको. मग खुर्चीतून उठायचा व्यायाम त्यासाठीच आहे हे उघड झालं, आणि त्याला व्यायाम म्हणायची गरजही उरली नाही. सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच वेळा, हात छातीशी घेऊन. आधी खुर्ची, मग तिच्याहून बुटकं स्टूल. डायलिसिसच्या दिवशी पहिल्या तासात पडल्यापडल्या पाय उचलायचे, घोट्याला वाळूची एक किलोची पिशवी बांधून. ती पिशवी काकूंनी जुन्या खाकी पँटच्या कापडाची शिवली. सायकल स्टोअरमध्येच राहिली. वाळूच्या पिशवीला सिस्टरांची हरकत नव्हती, ती ओरडत नाही. मधुमेहामुळं तळपायांना बधिरपणा होता, म्हणून स्लिपर बंद, कॅन्व्हसचे बूट सुरू, आणि रात्री काकूंनी तळवे बघायचे. साखर कमी झालीच तर म्हणून खिशात दोन गोड गोळ्या.

नोंदीचा कागदही काकांनी स्वतःचा काढला. जुन्या डायरीत वेबिल. काकांच्या नोकरीत कंडक्टरला दर फेरीला वेबिल भरावं लागायचं, कुठून कुठं, किती वाजता, किती तिकिटं. ‘घर ते डेअरी, सुटली ५:५०, पोच ६:०४, लोड ३ लिटर.’ परतीची फेरी वेगळी, ‘रिकामी.’ एसटीचं भाडं टप्प्यांवर असतं, एक टप्पा सहा किलोमीटरचा. काका आठवड्याच्या शेवटी बेरीज मारून किती टप्पे झाले ते लिहायचे. पहिल्या पूर्ण आठवड्यात एक टप्पाही भरला नव्हता, ‘टप्प्याच्या आत’ असा शेरा होता. माझ्या छापील रकान्यांत तीन आठवड्यांत एक खूण न करणारा माणूस आता मिनिटांचा हिशेब ठेवत होता. माझ्या कागदावर तो रुग्ण होता, वेबिलवर वाहक.

नोव्हेंबरमध्ये मोजणी झाली १२. आणि त्याच महिन्यात सगळं बंद पडलं.

सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या वाल्यांना शुक्रवार ते सोमवार हे अंतर लांब पडतं. २०११ साली अमेरिकेतल्या ३२ हजार रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा या दोन दिवसांच्या खंडानंतरच्या दिवशी मृत्यू आणि हृदयविकारानं दवाखान्यात दाखल होणं, दोन्ही जास्त आढळलं होतं. मी हे वाचलेलं होतं. काकांना सांगितलेलं नव्हतं. शनिवारी पाहुण्यांत जेवण झालं, तांबडा रस्सा झाला, रविवारी दिवसभर तहान. संध्याकाळी किटली घेऊन निघाले आणि परतीच्या वाटेवर कालव्याच्या मोरीवर बसले. श्वास पुरेना. एका पोरानं गाडीवर घालून घरी आणलं. रात्रभर उशीला टेकून बसून काढली आणि पहाटे पहिल्या गाडीनं युनिट. वजन ६०.१. चार किलो पाणी.

त्या दिवशी दुपारी त्यांच्या मुलाचा पुण्याहून मला फोन आला. तो वाईट बोलला नाही, पण एकच प्रश्न त्यानं तीन वेळा विचारला. ‘त्यांना काही झालं असतं तर?’ मी चालण्यामुळं झालं नाही, पाण्यामुळं झालं असं सांगू लागले, आणि मध्येच थांबले. पाणी होतंच. पण पाणी चढलेलं असताना चालू नये हे सांगायचं काम माझं होतं.

घरच्यांनी चालणं बंद केलं. सिस्टर म्हणाल्या, ‘राहू दे आता.’ पुढचे तीन आठवडे मी काकांपाशी व्यायामाचा विषय काढला नाही.

तो त्यांनीच काढला. संडासातून उठताना पुन्हा काकूंना हाक मारायची वेळ आली होती. मोजणी १२ वरून १० वर. डायलिसिसवरच्या माणसाचे स्नायू किती लवकर ओसरतात हे सांगायला मला आकडे लागतात, त्यांना ते तीन आठवड्यांत घरबसल्या कळलं होतं. या वेळी मुलाशी फोनवर बोलून नियम ठरवला आणि तो काकूंच्या फडताळावर, जुन्या कागदाच्या शेजारी लागला. रोज संध्याकाळी निघण्याआधी वजन. कोरड्या वजनापेक्षा दोन किलो वर असेल तर किटली काकूंची. आडवं पडल्यावर दम लागत असेल तर चालणं नाही, सरळ युनिटला फोन. रविवारी तर फक्त खुर्चीचं, तेही बरं वाटत असेल तर. मुलानं घरी वजनकाटा पाठवून दिला. याचा एक फायदा मला अपेक्षित नव्हता. काटा रोज बघायला लागल्यावर काकांनी आमटीतलं मीठ आपण होऊन कमी करायला सांगितलं. मीठ कमी म्हणजे तहान कमी, तहान कमी म्हणजे काटा खाली, काटा खाली म्हणजे फेरी चालू. मी वर्षभर उलट्या बाजूनं सांगत होते.

फेब्रुवारीत १५. एप्रिलमध्ये १७.

या आकड्यांचं मला अप्रूप आहे, पण त्यांना तोलून बघायला हवं. जर्मनीतल्या २१ केंद्रांत डायलिसिस चालू असताना वर्षभर व्यायाम करवून घेतला, त्याचे निष्कर्ष २०२३ साली आले. एका मिनिटातलं उठणं-बसणं व्यायाम करणाऱ्यांत सरासरी १६ वरून १९ वर गेलं, न करणाऱ्यांत १६ वरून १५ च्या खाली आलं. इटलीत २९६ रुग्णांची एक चाचणी झाली, २०१७ साली छापली गेली. घरच्या घरी, मधल्या दिवशी, दहा-दहा मिनिटांच्या दोन फेऱ्या, पावलांचा वेग मेट्रोनोम या ठेका देणाऱ्या यंत्राच्या टिकटिकीवर. सहा महिन्यांत सहा मिनिटांच्या चालण्याचं अंतर ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेलं. ही चाचणी वाचली तेव्हा मला हसू आलं होतं. काकांची टिकटिक म्हणजे किटलीच्या कडीचा आवाज. उलट बाजूही आहे. ब्रिटनमधल्या पेडल नावाच्या चाचणीत सहा महिने डायलिसिसवर सायकल मारूनही जगण्याच्या दर्जात मोजता येईल असा फरक आढळला नाही, आणि ठरलेली सगळी सत्रं पार पाडणं तिथंही अनेकांना जमलं नव्हतं. स्टोअरमधल्या सायकलकडं बघताना मला ते आठवतं. शिवाय काकांच्या ९ चे १७ होण्यात अंडी, लोह, इंजेक्शन, मीठ सगळ्यांचा वाटा आहे. कशाचा किती, हे एका माणसावरून काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र मोजणीत येत नाही. काकांच्या शेजारच्या बेडवरच्या एका शिक्षकांनी जानेवारीत आपण होऊन विचारलं, वाळूची पिशवी कुठं मिळते? आता पहिल्या तासात तीन पलंगांवर पाय वर-खाली होत असतात आणि कुणी थांबलं की काका ‘डबल बेल दिली की हो’ म्हणून ओरडतात. खिडकीजवळच्या बेडवर २६ वर्षांची एक मुलगी असते. ती यात कधीच आली नाही. डायलिसिसच्या तीन दिवशी तिची मजुरी बुडते, उरलेल्या दिवशी ती कापडाच्या दुकानात दहा तास उभी असते. तिला मी एकदाच विचारलं होतं. ‘मी चालतेच की, मॅडम,’ एवढंच म्हणाली. तिच्याकडून मला काही करून घ्यायचं नाही. तिला त्या दुकानात एक स्टूल मिळालं तर बरं होईल.

एप्रिल-मेच्या उन्हात डेअरीची फेरी साडेसहाच्या पुढं गेली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात मी मोजणी केली तर १४. तब्येत बरी होती, हिमोग्लोबिन १०.४, वजन आटोक्यात, फिस्टुला छान गुरगुरत होता. मला कळेना. काकांनी पिशवीतून डायरी काढून पुढं केली. शेवटच्या १६ दिवसांची पानं कोरी होती आणि वर एकच शेरा, कंडक्टरच्या तिरप्या अक्षरात : ‘फेरी रद्द. म्हैस आटली.’

‘मग रिकामी किटली घेऊन जा,’ मी म्हणाले. ते माझ्याकडं असे बघायला लागले की मी गप्प बसले.

काल शुक्रवार होता. भावकीतल्या एकाची म्हैस आहे, त्याचा मुलगा कॉलेजला गेल्यापासून संध्याकाळी दूध घालायला घरात माणूस नाही. काकांनी त्याच्याशी बोलणं केलं आहे. सोमवारपासून नको, सोमवारी डायलिसिस असतं. मंगळवारपासून, चार लिटर. वेबिलाचं पान आखून तयार होतं.